बॉयलरवाल्या काकू

काकूंना स्वतःच्या घरात गॅसच्या शेगडीला हात लावायची बंदी होती. ही बंदी सासूबाईंनी घातलेली, आणि त्यांची बाजू ऐकली की ती कोणालाही पटावी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत काकू चकल्या तळत होत्या. शेजारच्या बर्नरची ज्योत त्यांना जरा पिवळट वाटली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, शेगडीखाली डोकं घातलं आणि हवेची पट्टी सरकवत बसल्या. ज्योत शेवटी निळीशार झाली, पण तोवर कढईतल्या घाण्याचा कोळसा झाला होता. "अख्ख्या विदर्भाच्या भट्ट्या नीट करते म्हणे, अन् घरच्या फराळाची राख करते," हे सासूबाईंचं वाक्य काकू स्वतःच मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत. तेव्हापासून त्यांच्या घरी स्वयंपाक काका करत. काका शाळेत संस्कृत शिकवायचे आणि मोहरी तडतडायला लागली की दोन पावलं मागे सरकायचे.

मी कॉलेजातून बाहेर पडले आणि नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत लागले, तिथे काकू माझ्या वरिष्ठ होत्या. कारखान्यांच्या बॉयलरना बर्नर बसवणं आणि त्यांची ज्योत लावून देणं हे आमच्या कंपनीचं काम. त्या सर्व्हिस विभागाच्या प्रमुख होत्या, शिकलेल्या होत्या आणि नम्र मुळीच नव्हत्या. इंजिनिअरिंगला मिळालेल्या सुवर्णपदकाला भोक पाडून त्यांनी त्यात स्कूटरच्या किल्ल्या ओवल्या होत्या. कोणी विचारलंच तर म्हणत, "दुसऱ्या कशालाही इतकं सरळ भोक पडत नाही."

'काकू' हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं. माणूस मॅडमशी खोटं बोलतो आणि काकूशी खरं बोलतो, असा त्यांचा सिद्धांत. कारखान्याच्या गेटमधून आत शिरताना ऑफिसचं ओळखपत्र पर्समध्ये टाकायचं, गळ्यात रुमाल बांधायचा आणि पहिल्या भेटणाऱ्या माणसाला "काहून गा, जेवला का?" असं विचारायचं, ही त्यांची पद्धत. त्या माणसाने जेवणाचं उत्तर देता देता बॉयलरची सगळी दुखणी सांगून टाकलेली असायची.

त्यांची एक शिकवण मला पहिल्याच आठवड्यात मिळाली. "आकडा खोटा सांगायचा नाही वं. बाकी जग खोटंच बोलून राहिलं, तर त्यात तूही थोडं बोलली तरी चालते." ही शिकवण त्या तंतोतंत पाळत. ट्रॅफिक पोलिसाला त्यांनी एकदा आपण पेशंटसाठी ऑक्सिजन घेऊन चाललोय असं सांगितलं होतं. डिकीत होतं ऑक्सिजन मोजायचं यंत्र. पण त्या यंत्रावर जो आकडा दिसेल, तो त्यांनी कधी कोणासाठी दशांशानेही हलवला नाही, मग समोर मालक असो नाहीतर आमचे डायरेक्टर.

ऑक्सिजन ट्रिम म्हणजे काय, हे त्यांनी मला एका लग्नात शिकवलं. लग्न आमच्या डायरेक्टरसाहेबांच्या पुतण्याचं. आम्ही सगळे नटूनथटून गेलेलो. काकू आल्या त्या उमरेडची सुंदर हातमागाची साडी नेसून, आणि पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट. त्या विणकराच्या घरातल्या होत्या, त्यामुळे साडी निवडावी तर त्यांनीच. पण बूट ते बूट. मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या की लग्नात आहेराची भांडी फिरत असतात, कोणी पायावर घागर पाडली तर अंगठ्याची जबाबदारी वरपक्ष घेणार आहे का?

पंगत बसली होती. त्यांनी मला हाताला धरून मंडपाच्या दाराशी नेलं. तिथे केटररचा एक माणूस उभा होता. पंगत उठली की ज्या ताटांवर कोणी बसलंच नाही ती कोरी ताटं परत यायची आणि हा माणूस त्यांच्याकडे नजर टाकून आत सांगायचा, पुढच्या पंगतीला कमी मांडा किंवा जास्त मांडा.

"हे पाहून घे," काकू म्हणाल्या. "पाहुणे म्हणजे तेल. ताटं म्हणजे हवेतला ऑक्सिजन. ताटं कमी पडली तर पाहुणे उपाशी उठतात, तोंड काळं करून बाहेर जातात. तो धूर. ताटं जास्त मांडली तर ती नुसती आत येतात अन् बाहेर जातात. भट्टीत येताना थंड येतात, जाताना गरम होऊन जातात. ती गरमी कोणाच्या बापाची? आपल्या तेलाची. म्हणून थोडीच ताटं जास्त ठेवायची, म्हणजे कोणी उपाशीही नाही अन् उधळपट्टीही नाही. हा दारातला बुवा आहे ना, हाच आपला ट्रिम. चिमणीच्या वाटेवर बसून उरलेला ऑक्सिजन पाहते, अन् आत हवा कमी-जास्त कराले सांगते."

मी म्हटलं, समजलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी आगाऊपणे विचारलं, की मग या बुवाला कोणी फसवलं तर?

काकूंचे डोळे चमकले. मंडपामागे धुतलेल्या ताटांची चळत होती. काकूंनी त्यातली एक थप्पी उचलली, साडीच्या पदराखाली घेतली आणि शांतपणे दाराशी परत आलेल्या कोऱ्या ताटांवर नेऊन ठेवली. केटररच्या माणसाने वळून पाहिलं तर एवढी ताटं उरलेली. त्याने आत ओरडून सांगितलं, पुढच्या पंगतीला कमी मांडा. पुढची पंगत बसली आणि नवरदेवाचे सख्खे मामा ताटाविना उभेच राहिले. मामांच्या मागे मामी, मामींच्या मागे त्यांचे व्याही. मग जो गोंधळ झाला त्यात मामांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि जेवणारच नाही असं जाहीर केलं. डायरेक्टरसाहेब हात जोडून त्यांच्या मागे मंडपभर फिरले.

काकू माझ्या शेजारी उभ्या राहून मठ्ठा पीत होत्या. "दिसलं? मागच्या दारानं कोरी ताटं घुसली की बुवा म्हणते, लय उरलं, कमी करा. अन् आत खरे पाहुणे उपाशी. याले म्हणतात खोटी हवा. आता जन्मभर विसरणार नाही तू." मग त्यांनीच जाऊन मामांना वाढून दिलं आणि हल्लीच्या केटररना काही समजत नाही यावर दोघांचं एकमत झालं.

हिंगण्याच्या एमआयडीसीत कापड रंगवण्याचा एक कारखाना होता. मालक वयस्कर, सीताबर्डीच्या आपल्या कापडाच्या दुकानात बसत, कारखान्याकडे क्वचित फिरकत. कारखाना मॅनेजरसाहेबांच्या हातात. हे गृहस्थ अतिशय टापटीप होते. इंग्रजी शब्द आणि प्रमाणपत्रं या दोन गोष्टींवर त्यांचा जीव होता, आणि बॉयलरजवळ गेलं की शर्टावर काजळी उडते म्हणून ते सहसा दारातूनच बॉयलरची चौकशी करत. तिथल्या बॉयलरला आम्ही ऑक्सिजन ट्रिम बसवून दिला. काकूंनी लहान आगीपासून मोठ्या आगीपर्यंत एकेक टप्पा लावला, आणि ट्रिमला हवा कमी करायची मुभा अगदी थोडी ठेवली. दारातल्या बुवाला जास्त अधिकार दिला की तो स्वतःला यजमान समजतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही परतल्यावर मॅनेजरांनी आमच्या डायरेक्टरना गाठलं, तेल अजून वाचलं पाहिजे म्हणाले, आणि डायरेक्टरांनी दुसऱ्या एका मुलाला पाठवून ती मुभा वाढवून दिली. काकूंना हे कोणी सांगितलं नाही.

थंडी पडली आणि तक्रार आली. रोज जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी चिमणीतून काळा धूर निघतो, थोडा वेळ टिकतो, आणि सुट्टी सुरू झाली की आपोआप बंद होतो. शेजारच्या गाळ्यात बायकांचा एक पापडाचा उद्योग होता. त्यांचे पापड गच्चीवर वाळायचे. पहिले काही दिवस त्या बायकांना वाटलं की आपल्यातलीच कोणीतरी पिठात जास्त मिरी घालतेय. त्यावरून त्यांची आपसात भांडणंही झाली. मग एकीने मान वर करून पाहिलं. त्यांनी थेट प्रदूषणवाल्यांकडे तक्रार केली, आणि पुढच्या आठवड्यात अधिकारी पाहणीला येणार असं ठरलं. त्याच्यासमोर धूर निघाला असता तर बॉयलर बंद, बॉयलर बंद म्हणजे कारखाना बंद. मॅनेजरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं की दोष यंत्रात निघाला तर ट्रिम उपटून परत पाठवून देऊ, आणि दोष माणसात निघाला तर त्या माणसाला घरी पाठवू.

तो माणूस म्हणजे डोमाजी. बॉयलर चालवणारा, पन्नाशीचा, सावनेरकडचा, मोठ्या मिशांचा आणि बारीक आवाजाचा. तो आम्हाला पाहून नेहमी खूश व्हायचा. या वेळी तो काकूंच्या नजरेला नजर देत नव्हता, पण तेव्हा आम्हाला ते थंडीमुळे वाटलं.

काकूंनी आल्या आल्या मुभा वाढवलेली पकडली. डायरेक्टरना त्यांनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याने फक्त धूर इतका काळा का, हे समजलं. धूर मुळात का, हे समजलं नाही. ट्रिमच्या पॅनलवर तर उलटंच दिसत होतं. धुराच्या वेळी ऑक्सिजन कमी व्हायला हवा, तो वाढलेला दिसायचा. ट्रिम बिचारा ते पाहून हवा कमी करत जायचा आणि आत तेल उपाशी जळायचं.

"खोटी हवा," काकू म्हणाल्या. बॉयलरपासून चिमणीपर्यंत धूर नेणारा पत्र्याचा मोठा बोगदा असतो, त्याला डक्ट म्हणतात. चिमणी त्यातला धूर सतत ओढत असते. त्याला कुठे भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुढे बसलेल्या सेन्सरला फसवते. भेग शोधायची सोपी युक्ती म्हणजे डक्टच्या कडेकडेने उदबत्ती फिरवायची. जिथे उदबत्तीचा धूर आत ओढला जाईल तिथे भेग.

काकूंनी मॅनेजरांकडे उदबत्ती मागितली. एवढंच मागितलं. मॅनेजरांचा चेहरा एकदम उजळला. बॉयलरला कोणाची तरी दृष्ट लागली आहे असं त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, पण ते इंग्रजीत कसं सांगावं हे सुचत नव्हतं. थोड्या वेळाने ते उदबत्तीचा पुडा, हळदकुंकू, नारळ आणि ऑफिसातली चार माणसं घेऊन हजर झाले, आणि दारापाशी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. मला वाटलं आता काकू खरं काय ते सांगतील. त्यांनी एवढंच सांगितलं की बॉयलरच्या पूजेला चपला काढत नाहीत, पाय भाजले तर पूजा फुकट जाते. ते त्यांनी इतक्या अधिकाराने सांगितलं की सगळ्यांनी निमूटपणे चपला परत घातल्या.

मग ती मिरवणूक निघाली. पुढे काकू, तेलाच्या पाइपांपासून लांब राहून, डक्टच्या प्रत्येक सांध्याला उदबत्ती लावून डोळे बारीक करून पाहताहेत. त्यांच्या मागे मी टॉर्च घेऊन. माझ्या मागे नारळ घेतलेले मॅनेजर, आणि त्यांच्यामागे हात जोडलेलं अकाउंट्स खातं. एकाने हळू आवाजात आरतीही सुरू केली होती. उदबत्तीचा धूर सगळीकडे सरळ वर जात राहिला. कुठेच आत ओढला गेला नाही.

"नारळ कुठे फोडू?" मॅनेजरांनी विचारलं.

"गेटच्या बाहेर," काकू म्हणाल्या. "इथं पाणी सांडलं तर पाय घसरते."

डक्ट धुतल्या तांदळासारखी आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या आधी चिमणीने भसाभसा काळा धूर ओकला. काकूंनी सेन्सर बदलला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा धूर. मॅनेजर नवा नारळ घेऊन आले होते. काकूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर तो नारळ दिवसभर त्यांच्या टेबलावरच राहिला. काकू आता ट्रिमवर खरंच रुसल्या होत्या. पॅनलकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि आकडे मला वाचायला लावायच्या.

त्या दिवशी आम्ही जेवायला कँटीनमध्ये गेलो. कँटीन म्हणजे नुसती टेबलं. पूर्वी तिथे शेगडी होती, ती मॅनेजरांनी सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून काढून टाकली होती. काकू नेहमीप्रमाणे दुसऱ्यांच्या डब्यात जेवायला बसल्या. काकांच्या हातचं बेचव जेवण त्या कधी साइटवर आणत नसत. कापडाच्या घड्या घालणाऱ्या बायका पहाटे घरून निघून आलेल्या. त्यांच्यातल्या एकीने काकूंपुढे भाकर आणि वांग्याची भाजी ठेवली. काकूंनी पहिला घास घेतला आणि त्यांचं बोट चटकन मागे आलं. भाजीतून वाफ निघत होती.

काकूंनी तो डबा उचलला. खाली टेबलावर गोल काळी खूण उमटली होती. त्यांनी शेजारचा डबा उचलला, तिथेही गोल. लांबपर्यंत सगळ्या टेबलांवर तशीच काळी वर्तुळं. त्यांनी एका वर्तुळावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि बोट माझ्या नाकाखाली धरलं. तेलाची काजळी.

"एवढं गरम कुठून येऊन राहिलं वं?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं.

भाकर देणारी बाई पदराने टेबलावरचं वर्तुळ पुसू लागली. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. जेवण मात्र मन लावून केलं आणि भाजी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पॅनलपाशी उभं केलं आणि ऑक्सिजन चढायला लागला की फक्त खोक म्हणून सांगितलं. सुट्टीच्या जरा आधी आकडा हलला. मी खोकले. आम्ही डक्टच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे डक्ट साफ करायचं एक लोखंडी दार असतं. ते दार उघडं होतं, आणि डोमाजी हातात जाड मोजे घालून आतल्या कठड्यावर डब्यांची उतरंड रचत होता. मधला एक उंच डबा दाराबाहेर आला होता, त्यामुळे दार पूर्ण लागत नव्हतं आणि ते त्याने तारेने बांधून ठेवलं होतं. चिमणी त्या फटीतून बाहेरची गार हवा घटाघटा पीत होती. आमची उदबत्ती फिरली ती सकाळी, दार घट्ट बंद असताना.

डोमाजीने आम्हाला पाहिलं आणि हातातला डबा पाठीमागे लपवला.

"बाया पाचले घर सोडतात काकू," तो म्हणाला. "थंडीत भात दगडासारखा होते. शेगडी काढून टाकली. इथली गरमी तर वायाच जाऊन राहिली होती, म्हणून म्हटलं..."

काकूंनी आधी सगळे डबे बाहेर काढायला लावले आणि दार घट्ट बंद करून घेतलं. मग त्या त्याच्यावर अशा बरसल्या की त्याच्या मिशा खाली आल्या. आतला धूर उलटला असता तर तोंड भाजलं असतं. अर्धवट जळालेल्या तेलाचा वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला समजत नाही, माणूस उभ्या उभ्या झोपतो आणि उठत नाही. मग त्यांनी त्याला लग्नातली ताटं समजावली. आपण रोज मागच्या दाराने कोरी ताटं घुसवत होतो, हे लक्षात आल्यावर डोमाजीने कपाळावर हात मारला. त्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं.

"मले घरी पाठवतील आता," तो म्हणाला.

"तुले घरी पाठवलं तर तुझ्या जागी जो येईल त्याले भूक लागणार नाही का?" काकू म्हणाल्या. "जा, डबे वाटून दे. अन् मॅनेजरसमोर तोंड उघडू नको. तुले खोटं बोलता येत नाही."

मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाताना त्यांनी गळ्यातला रुमाल काढला, ओळखपत्र बाहेर काढलं आणि त्या काकूंच्या मॅडम झाल्या. पुढचा अर्धा तास त्या बहुतेक इंग्रजीत बोलल्या. सारांश असा, की जेवणाच्या सुट्टीआधी या कारखान्यात उष्णतेची एक मागणी तयार होते, तिला योग्य वाट मिळत नाही, म्हणून ती अयोग्य वाट शोधते आणि ऑक्सिजन बिघडतो. उपाय एकच. वाफ वापरून झाली की तिचं गरम पाणी ज्या पाइपने बॉयलरकडे परत येतं, त्या पाइपवर एक बंद कपाट बसवायचं. त्याचं नाव त्यांनी जागच्या जागी ठेवलं, 'ट्रिम स्टेबिलायझिंग कॅबिनेट'.

मॅनेजरांनी माहितीपत्रक मागितलं. काकू म्हणाल्या की हे बाजारात तयार मिळत नाही, प्रत्येक कारखान्याच्या गरजेप्रमाणे बनवून घ्यावं लागतं. हे मॅनेजरांना फार आवडलं. त्यांनी टिपून घेत विचारलं की आत काय असतं. काकू म्हणाल्या, कप्पे. भार समान वाटला गेला पाहिजे.

"भार कसला?"

"धातूच्या भांड्यांचा. सकाळी भरायचा, सुट्टीत काढायचा."

"भांड्यांत काय? पाणी?"

काकूंनी थोडा विचार केल्यासारखं केलं. "पाणी चालेल. पण अन्न असलं तर उत्तम. भात, भाजी, वरण, प्रत्येकाची उष्णता धरायची ताकद वेगळी असते."

मी खिडकीबाहेर पाहत होते आणि जीभ दातांखाली धरली होती. मॅनेजरांनी 'वरण' हा शब्द लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली. मग ते काळजीने म्हणाले, की एवढं अन्न रोज कुठून आणायचं?

"कामगारांचे डबे वापरता येतील," काकू म्हणाल्या. "त्यांना विनंती करून पाहा."

मॅनेजरांनी विनंती केली. त्यांनी कामगारांना एकत्र जमवून सांगितलं की कंपनीच्या तांत्रिक गरजेसाठी प्रत्येकाने आपला डबा रोज सकाळी जमा करावा, गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. बायकांनी तोंडाला पदर लावले. डोमाजी पाठ फिरवून प्रेशरच्या काट्याकडे पाहत राहिला.

स्कूटरवर परतताना मी म्हटलं, काकू, केवढं खोटं बोललात. तर त्या रागावल्या. कपाटात डबे ठेवले की ऑक्सिजन स्थिर राहतो, यातला कोणता शब्द खोटा आहे ते दाखव, म्हणाल्या. मी वाटभर शोधला. सापडला नाही.

कपाट अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी बसलं. तो दुसऱ्या दिवशी आला, तरुण होता, कमी बोलणारा. सुट्टीच्या आधी तो बाहेर उभा राहून चिमणीकडे पाहत राहिला. चिमणीतून काही म्हणजे काही निघालं नाही. मॅनेजरांना तेवढ्यावर राहवेना. त्यांनी त्याला आत नेलं, कपाटासमोर उभं केलं आणि सगळा सिद्धांत समजावून सांगितला, उष्णता धरायच्या ताकदीसकट. अधिकाऱ्याने कपाट उघडलं. वाफ आली, आणि वाफेबरोबर झणझणीत रश्श्याचा वास आला. त्याने एक झाकण उचललं, आत पाहिलं, दुसरं उचललं. मग तो वळून काकूंकडे बघत राहिला. काकू त्याच्याकडे अत्यंत गंभीरपणे पाहत होत्या.

"फार प्रगत आहे," तो म्हणाला. "भार काढायची वेळ झाली का?"

तो घड्या घालणाऱ्या बायकांबरोबर जेवला आणि पाणी मागत, नाक पुसत, समाधानाने गेला.

काकू आता निवृत्त आहेत. मी साइटवर असले की अजून त्यांचा फोन येतो. कशी आहेस वगैरे नाही, थेट "किती दाखवून राहिला?" असा. मी ऑक्सिजनचा आकडा सांगते. त्या "हं" म्हणतात आणि फोन ठेवतात. तो "हं" चांगला की वाईट, हे मला अजून नीट ओळखता येत नाही. पण त्यांची गोष्ट इथेच संपवली तर मालकांची भेट राहूनच जाईल.

ती झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात. मालकांनी आम्हा दोघींना सीताबर्डीच्या दुकानात बोलावलं. गादीवर पांढऱ्या कपड्यांतला एक कृश म्हातारा बसला होता. त्यांनी चहा मागवला, काकूंच्या कुर्त्याचं कापड बोटांत धरून पाहिलं आणि विणकर कुठला ते बरोबर ओळखलं. मग म्हणाले की ते ट्रिमचं कपाट त्यांना दुसऱ्या कारखान्यातही पाहिजे.

काकू खूश झाल्या आणि लगेच कामाला लागल्या. तिथला बॉयलर केवढा, तेलाचा की गॅसचा, डक्ट कशी आहे, सेन्सर कुठे बसवता येईल, सगळं भराभर विचारलं. म्हातारा चहाचा घोट घेत ऐकत राहिला.

"तिथं बॉयलर नाही," तो म्हणाला. "नुसती शिलाई चालते. पण बाया तिथंही पहाटेच निघून येतात."

काकूंचं तोंड उघडं राहिलं. बाहेर ऑटोवाले ओरडत होते, आत नोकर गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडत होता, आणि म्हातारा बशीत चहा ओतत होता, जणू काही विशेष बोललाच नाही.

काकूंनी पर्स उघडली आणि पेन्सिल काढली.

"किती कप्पे करू?" त्यांनी विचारलं.

"जितके लोक तितके," तो म्हणाला. "अन् एक माझ्यासाठी."